हुरड्यावरची हरकत

गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजल्याचा वास आला की आमच्या शेतातली ती सकाळ आठवते. आमचे आमदार नागपूरच्या अधिवेशनाला निघण्याआधी हुरडा खायला आले होते आणि कालव्याच्या पाणीवाटप समित्यांवर विधानसभेत करायचं भाषण आम्हाला वाचून दाखवत होते. सगळे माना डोलावत होते. आई मात्र तळहातावर गरम कणीस चोळता चोळता मधेच म्हणाली, "साहेब, पिकाला पाणी द्यायला चिखलात आमी बाया, अन् समितीवर निस्ते बाप्ये? हे काय बरोबर न्हाई." वडील कावरेबावरे झाले. आमदार मात्र उठून उभे राहिले आणि मिशीला दह्यातली चटणी लागलेली असतानाच समोरच्या आंब्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "अध्यक्ष महोदय, वहिनींची हरकत हाय, अन् ती लय रास्त हाय!" पुढे या समित्यांचा कायदा झाला तेव्हा समितीत बायांना जागा देणारं कलम त्यांनी भांडून घालून घेतलं. आई त्याच समितीवर निवडून आली. इतकी वर्षं आमचं म्हणणं सभागृहात मांडणारा तो माणूस परवा गेला. गावच्या शोकसभेत सगळ्यांची भाषणं झाल्यावर आई काठी टेकत उठली, हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "साहेब, माझी हरकत हाय."