दारातली उभी बाज

गाव सोडलं त्या दिवशी बाबांनी बाज स्वतः उचलून बंडीवर टाकली आणि एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. सागवानाची जड बाज, त्यांच्याच हातची, माझ्या लग्नासाठी केलेली. माय बंडीच्या मागे चालत बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपर्यंत आली आणि म्हणाली, "जाते तं मागं पाहू नको." मी पाहिलंच. सांगितलेलं ऐकायचं नाही हा माझा स्वभाव गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यात तो थोडाफार असणारच, नाहीतर ते निघालेच नसते.

चांदा जिल्ह्यातल्या सावली गावापासून कोस-दीड कोसावर आमचं गाव. मी आईबापाची एकुलती एक. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून बाबांनी घरजावई आणला. आमच्या ह्यांना मागेपुढे कोणी नव्हतं. चार-पाच हंगाम त्यांनी बाबांसोबत चिखल तुडवला, पण घरजावयाला गावात काय मान असतो ते सांगायची गरज नाही. पारावर कोणी ना कोणी टोमणा मारायचंच. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, कोळसा खाणीत भरती निघाली तसं मीच म्हटलं, चला. हो, मीच. बाबांना वाटलं जावयानं पोरीला फितवलं. खरं उलटं होतं.

त्याच सुमाराला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. सरकारानं घर बदललं तर कोणी रुसलं नाही, आम्ही बदललं तर बाबांनी अबोला धरला. निघायच्या आदल्या दिवशी एवढंच म्हणाले, "क्वार्टर म्हणजे का घर असते? कंपनीची खोली ते. मी तिथी पाय ठेवणार नाई."

ते शब्द मला लागले. मायनं रडून निरोप दिला ते मी पचवलं, हे नाही पचलं.

आणि खोटं कशाला बोलू, क्वार्टर पाहिल्यावर बाबांचं खरं वाटलं. एका लायनीत एकसारखी दारं, सगळ्यांना एकच काळपट रंग. पहिल्या आठवड्यात पाणी भरून येताना मी शेजारणीच्या घरात शिरले आणि तिच्या चुलीपाशी घागर उतरवून मोकळी झाले. शेजारीण नरसम्मा, गोदावरीपलीकडची. तिला मराठी येईना, मला तेलुगू. दोघी पोट धरून हसलो. पुढे आमची एक तिसरीच बोली तयार झाली. तिच्यात हिंदी होतं, ड्युटी, पाळी, भोंगा, सायब होते, आणि उरलेलं हातवारे करून चालायचं. गावात भोंगा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. इथं पाळीचा भोंगा वाजला की भात टाकायला लागले.

बाजेचं मात्र जमेना. ती खोलीत मांडली की चुलीला जागा नाही, बाहेर ठेवली की ओल. वाळवीनं चारही पाय खालून पोखरले, अंबाडीच्या दोऱ्या कुजल्या. हे म्हणाले, सरपण करू. मी म्हटलं, हात तर लावून पाहा. बाबांच्या हातचं लाकूड मी चुलीत घालणार होते होय?

करवत मागून आणली. पोखरलेले पाय कापले, कुजलेल्या दोऱ्या सोडल्या, नुसती चौकट उरली. ती दाराच्या बाजूला भिंतीला टेकवून उभी केली. काळा पडलेला सागवान तेल चोळून चमकवला, कडेनं गेरू आणि पांढऱ्या मातीच्या रेघा ओढल्या, वरच्या दांडीला कंदील टांगला. खाली गोकर्ण लावली. पावसाळा संपता संपता ती चौकटभर चढली आणि दार निळं निळं झालं. मग काय, सगळी लायन बघायला आली. नरसम्मानं पुढ्यात रांगोळी घातली. पोस्टमनला कोणी माझं घर विचारलं तर तो म्हणायचा, वो फूलवाली खाट. मला फार बरं वाटायचं. मिरवायचे मी, लपवत नाही.

बाबा आले ते धान झोडपून झाल्यावर, पौषात, न सांगता. मायनं काय जादू केली कोण जाणे. खांद्यावर नव्या तांदळाची पोटली, दुपारची वेळ. हे रातपाळी करून आत झोपले होते, मी मागे भांडी घासत होते. आणि एकाएकी दारात पुरुषाच्या रडण्याचा आवाज. तसं रडणं मी बाबांचं कधी ऐकलं नव्हतं. "माह्या पोरा, कुठी गेला रे! मले सोडून कुठी गेला रे, पोरा!"

धावत आले तर बाबा लायनीच्या मातीत बसलेले, पोटली फुटून तांदूळ सांडलेले, आणि नजर त्या बाजेवर.

तुम्हाला सांगायला नको, पण परमुलखात वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगते. आपल्याकडे रोजची बाज सकाळी भिंतीला लावतात, ती दोऱ्यांसकट, आणि परसात. माणूस गेला की त्याची बाज पुढच्या दारात काढतात, दोऱ्या सोडतात आणि चौकट उभी करतात. शोभेच्या नादात हे ना मला सुचलं, ना ह्यांना. बाबांनी लायनीच्या टोकावरून आपल्या हातची बाज ओळखली. दोऱ्या नाहीत, वर फुलं, आणि जावई खाणीत उतरणारा. बाकीचं त्यांनी मनातच जुळवलं.

ज्याला त्यांनी पाच वर्षांत कधी "जावई" शिवाय हाक मारली नव्हती, त्याला ते पोरा म्हणत होते.

हे नुसत्या बनियनवर, डोळे चोळत बाहेर आले. "काय झालं, मामाजी?" बाबा उठले आणि त्यांचे दंड, खांदे, तोंड चाचपून पाहू लागले. नरसम्मा पदरानं डोळे पुसत होती, तिला काही कळलं नव्हतं तरी.

मग बाबा वळले माझ्याकडे. "हे काऊन केलं?"

"दाराले शोभा म्हणून, बाबा."

"शोभा! काढ ते."

"नाई काढत," मी म्हटलं. "साऱ्या लायनीत माहं दार यानंच ओळखू येते. तुमी तरी कशानं ओळखलं?"

तांदूळ आम्ही तिघांनी मिळून वेचले. बाबा पाणी प्यायले आणि ह्यांना म्हणाले, "अंबाडीची दोरी भेटते का इथी?" दोरी आली. बाबांनी चौकट उभी असतानाच विणायला घेतली. अशी उभ्यानं बाज कोणी विणत नाही, हात भरून येतात. वेलाचा एक तंतू तुटू दिला नाही, दोरी त्याच्या मागून पुढून काढत गेले. हे दुसरं टोक धरून ताण देत होते. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण हे मध्येच हसले आणि बाबाही. भोंगा वाजला तेव्हा शेवटची गाठ बसली. बाबा दोन पावलं मागं सरून म्हणाले, "आता ठेव. आता हे जित्या माणसाची बाज आहे."

रात्री मुक्काम केला. जेवताना मी विचारलं, "तुमी तं पाय ठेवणार नोहते ना?" माय असती तर मला चिमटाच काढला असता. बाबा भात कालवत म्हणाले, "कंपनीच्या खोलीपुढं का मी इतका रडलो असतो?"

त्या क्वार्टरी कधीच्या पाडल्या. आता चंद्रपुरात आमचं स्वतःचं घर आहे, माय-बाबा दोघंही गेले, बांध्या चुलतभाऊ करतो. गाव कोणतं विचारलं तर मी सावलीकडचं सांगते, घर कुठं विचारलं तर चंद्रपूर सांगते, आणि दोन्ही सांगताना माझा आवाज खाली जात नाही. घर बांधायला आम्हाला पुढे पुष्कळ वर्षं लागली. पण आमचं घर झालं ते त्या दुपारीच, जेव्हा माझा बाप माझ्या दारात आपल्या पोरासाठी रडला.