बर्फाचं गणित

खारेपाटणात आमच्या शाळेला अकरावी विज्ञानाचा वर्ग मिळाला, तेव्हा आम्ही सातआठ जण होतो. गणपतीपर्यंत बाकीचे आर्ट्सला गेले किंवा कणकवलीच्या कॉलेजात. वर्गात मी एकटीच उरले. मैत्रिणी पलीकडच्या वर्गात हसायच्या, ते भिंतीतून ऐकू यायचं.

फिजिक्सचे सर घाटावरचे, बाजारात खोली घेऊन राहायचे. त्यांना मालवणी येत नसे, म्हणून शाळेबाहेर कुणाशी फारसं बोलणं नव्हतं. पण माझ्या एकटीसमोरही ते पूर्ण तास उभं राहून शिकवत.

एकदा त्यांनी गणित घातलं. शून्य अंशावरचा शंभर ग्रॅम बर्फ, त्याची शंभर अंशांची वाफ करायला किती उष्णता लागेल? मी शंभर गुणिले शंभर केलं. दहा हजार कॅलरी.

"बर्फ वितळवायची उष्णता कुठंय?" सरांनी विचारलं.

"सर, तेव्हा तापमान वाढतच नाही ना."

"उद्या बर्फ आण."

सकाळी मी मासळी बाजारात गेले.

"बरफ कित्याक होयो गो तुका?" मासेवालीने विचारलं.

"शाळेत होयो."

तिने फडक्यात खडा बांधून दिला. त्याला बांगड्याचा वास होता.

सरांनी तो फोडून चंचुपात्रात टाकला आणि खाली स्पिरिटचा दिवा लावला. मी ढवळत होते, थर्मामीटर वाचत होते. शून्य. पुन्हा शून्य. दिवा जळत होता, बर्फाचं पाणी होत होतं, पारा जागचा हलत नव्हता. शेवटचा तुकडा वितळला आणि मगच पारा चढू लागला.

मी फळ्यावर मांडलं. वितळायला आठ हजार, तापायला दहा हजार, वाफ व्हायला चोपन्न हजार. एकूण बहात्तर हजार.

"बरोबर," सर म्हणाले. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, एका मुलीसाठी वर्ग चालवता येणार नाही. घरी मी कणकवलीचं नाव काढलं. बाबा म्हणाले, "एकट्यान रोज इतक्या लांब जावचा नाय."

मी आर्ट्सला बसले. मैत्रिणींनी सरकून जागा दिली, पण त्यांचं बोलणं आता मला अर्धंच कळायचं. सरांची बदली झाली. जायच्या दिवशी ते व्हरांड्यात भेटले, काहीतरी बोलायला थांबले, आणि "अभ्यास कर" एवढंच म्हणून एस.टी. गाठायला निघाले.