घरच्यांना कसलं आमंत्रण

निघायच्या आदल्या दिवशीच मी ह्यांना बजावलं होतं, की तुळिंजला येईन, पाचूबंदरला येईन, पण वाडीवर पाय ठेवणार नाही. हे थर्मास विसळत होते. "बरं," म्हणाले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण ह्यांच्या "बरं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, तेव्हापासून हा माणूस हवेत होता. थंडीत जुन्या मंडळींना गाठत हिंडायचं, पहिल्या दिवशी जवळचे, मग नाशिक, मग वाई, असा बेत कागदावर लिहून फ्रिजला लावला होता. ह्याला रोड ट्रिप म्हणतात, हेही मला ऐकवून झालं. चंदनसार ते पाचूबंदर ही रोड ट्रिप असेल, तर मी भाजी आणायला जाते तीही काशीयात्राच म्हणायची.

पहिल्या दिवसाच्या यादीत तिसरी होती वाडी. मी ती पेनाने खोडली. ह्यांनी खाली पुन्हा लिहिली.

वाडी म्हणजे वसई गावाकडची केळीची आणि विड्याच्या पानांची वाडी. तिथल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो. घरमालकीण, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. मला मुलगी झाली तेव्हा माझी आई कोकणात अंथरुणाला खिळलेली होती आणि सासू आधीच गेलेली. वहिनींनी सव्वा महिना पोरीला आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, शेक दिला, धुरी दिली. मला हात लावू दिला नाही. पोर बोलू लागली तेव्हा वहिनी "मोठी आई" झाल्या आणि मी नुसतीच "आई". अशा ह्या मोठ्या आईला दोन वर्षांपूर्वी पोरीच्या लग्नाला विरारपर्यंत यायला जमलं नाही. त्या आल्या नाहीत, घरातलं दुसरं कोणी आलं नाही, नंतर साधी चौकशीसुद्धा नाही. माझी मुलगी पाठवणीच्या वेळीही हॉलच्या दाराकडे बघत होती. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच दिवशी वाडीचं नाव टाकलं.

तुळिंजला ह्यांचे ऑफिसातले जुने जोडीदार राहतात. रिक्षा, हातगाड्या आणि रस्त्यातच उतरवलेल्या कांद्याच्या गोणी ह्यांतून वाट काढत पोचेपर्यंत कोणीतरी आमच्या गाडीचा आरसा दुमडून गेलं होतं. गेटवर पहारेकऱ्याने आमचा फोटो काढला. फोटो! ह्या जोडीदारांच्या वास्तुशांतीला मी सकाळपासून पुऱ्या लाटल्या होत्या. "सर फोन नहीं उठा रहे, अंदर नहीं छोड़ सकता," पहारेकरी म्हणाला. वीस मिनिटं आम्ही दोन म्हातारी माणसं पार्सलसारखी गेटवर पडून होतो. वर गेल्यावर जोडीदारांचं पहिलं वाक्य काय, तर "अरे, मेसेज तरी टाकायचास!" त्यांच्या सौभाग्यवती बाहेर निघायच्या तयारीत होत्या. खोक्यातलं सरबत ग्लासात ओतून समोर ठेवलं आणि घड्याळाकडे बघत आमच्या तब्येतीची विचारपूस केली. पंधराव्या मिनिटाला आम्ही जिना उतरत होतो.

गाडीत माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "माणूस स्वतः दारात उभा आहे, त्याची किंमत नाही. फोनवर येईल तेच खरं! मेसेज काय, कोणीही लोळत पडून टाकतं. दारात यायला पाय झिजवावे लागतात. कळत कसं नाही लोकांना?"

हे माझ्याकडे बघायला लागले. इतका वेळ बघत राहिले, की समोर बघा म्हणून मला ओरडावं लागलं.

पाचूबंदरला आमची जुनी मैत्रीण आहे. वाडीत राहत होतो तेव्हा ती दुपारची पाटी घेऊन यायची, मासे विकायची आणि मग वहिनींच्या ओटीवर आम्ही तिघी गप्पा मारत बसायचो. आता गुडघे गेले, मासळीच्या लिलावाला सून बसते. दारावर नाताळची चांदणी अजून लटकत होती. "आयलीस गो बाय!" एवढं म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली आणि सुनेला तवा ठेवायला सांगितलं. कळवलं का नाही, हे काही तिने विचारलं नाही. मला भरून आलं आणि त्या भरात मी वहिनींचा विषय काढला. बघ, म्हटलं, तुझे गुडघे असे, तरी तू लग्नाला आलीस. आणि ती?

"ती कशी येल?" मैत्रीण म्हणाली. "तिला बोलवली कोन?"

"म्हणजे? फोनवर कार्ड पाठवलं होतं! पाहिलंही होतं त्यांनी, दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या."

"माझ्याकडं तसला फोन नाय, म्हनून तू सोता आयलीस. ह्याच खुर्चीवर बसलेलीस. माझा हात धरलास, बोललीस, माझ्या पोरीचं लगीन हाय, तू पायजेस. मी आयले. तिच्या दारात कोन गेला, सांग."

तिने तेवढ्यावर सोडलं नाही. लग्नाच्या आधी वहिनी तिला बाजारात भेटल्या होत्या. पोरीच्या लग्नासाठी हिरवं लुगडं घेतलं होतं. रोज संध्याकाळी ओटीवर बसायच्या, आज अक्षत येईल, उद्या येईल म्हणून. "लग्नाच्या दिवशी पन बसलेली," मैत्रीण म्हणाली.

मला कळायला पाहिजे होतं. वहिनींच्या थोरल्याचं लग्न निघालं तेव्हा मी तीन दिवस त्यांच्याबरोबर गावभर अक्षत द्यायला हिंडले होते. घरच्या सवाष्णीने स्वतः जायचं, कुंकू लावायचं, अक्षत पदरात घालायची, मगच ते बोलावणं. आणि पहिली अक्षत त्यांनी मला दिली होती. आमच्या दोघींत एक भिंत होती, तरी पुढच्या दाराने निघून, घराला वळसा घालून, ताट घेऊन त्या माझ्या दारात आल्या. मी हसले, "वहिनी, घरातल्या घरात?" तर म्हणाल्या, "घरातल्यालाच आधी द्यायची."

आणि मी काय केलं? यादी केली. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना कार्ड फोनवर, वर गाणं लावून. टपाल खात्यात लोकांची आमंत्रणं दारोदार पोचवण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि माझ्याच पोरीचं बोलावणं मी अंगठ्याने उरकलं. मला स्वतःची इतकी चीड आली, की तव्यावरच्या मासळीचं ताट समोर आलं, ते मी तसंच बाजूला सारलं.

चीड नवऱ्यावर काढायची सोय होतीच. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी म्हटलं होतं, वाडीवर जाऊन येऊ. तू म्हणालीस, घरच्यांना कसलं आमंत्रण."

"मग दोन वर्षं तोंड शिवून का बसलात?"

"तू बोलू देत होतीस कुठे?"

हे खरं होतं, म्हणून तर जास्तच राग आला. मैत्रिणीने उठून डब्यातले मूठभर तांदूळ कागदात बांधून दिले. कुंकू वाटेत वसईच्या बाजारात घेतलं.

वहिनी ओटीवर वालाच्या शेंगा निवडत होत्या. उठल्या नाहीत. "कय, रस्ता चुकली?"

"वहिनी, चूक झाली माझी."

"चूक?" हातातली शेंग त्यांनी सुपात आपटली. "पोरगी मी पायावर घेतलेली. तिचं लगीन मी नातवाच्या फोनमध्ये बघितलं, बाय. वर गाणं वाजत होतं."

मग त्या आत गेल्या आणि एक पितळी घंगाळ घेऊन आल्या. पाहताक्षणी ओळखलं. ह्याच घंगाळातल्या पाण्याने माझी पोर सव्वा महिना न्हाली होती. चिंचेने घासून लख्ख केलेलं, आत हिरवं लुगडं घडीचं तसंच. "हे तिला लग्नात द्यायचं ठेवलेलं," म्हणाल्या. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी घंगाळ मागे ओढलं.

"नाय. तुझा फोन काढ. फोटो काढ ह्याचा आणि धाड पोरीला. आहेर पोचला म्हणून सांग."

मला वर बघवेना. हे गाडीजवळ उभे राहून पुसलेलीच काच पुन्हा पुसत होते.

मी कागदाची पुडी उघडली, तांदळाला कुंकू लावलं. अर्धं कुंकू ओटीवर सांडलं. "रविवारी पोरगी आणि जावई येताहेत. तुम्ही जेवायला यायचं. मी न्यायला येते."

त्या तांदळाकडे बघत राहिल्या. "लगीन होऊन दोन वर्षं झाली. आता कसली अक्षत?"

"राहिलेली," मी म्हटलं.

त्यांनी घंगाळ ओटीवर ठेवलं. मग त्यांनी पदर पुढे केला. मी कपाळाला कुंकू लावलं आणि अक्षत पदरात घातली. त्यांनी ती गाठीला बांधली आणि घंगाळ पुन्हा काखेला लावलं.

"रविवारी हे मी आणीन," म्हणाल्या. "पोरीच्या हातात देईन. तुझ्या हातात नाय."

गाडीत बसल्यावर ह्यांनी विचारलं, "पण पोरगी रविवारी येणार, हे कधी ठरलं?"

"आत्ता. गाडी ठाण्याला घ्या. तिच्या दारात जाऊन सांगायचंय."

"अगं, एवढ्यासाठी ठाण्याला? फोन..." इतकं म्हणून ते थांबले आणि त्यांनी गाडी सुरू केली.