देवापुढची बक्षिसं

पडेगावला भावाच्या घरी माळा आवरताना आमची शाळेतल्या बक्षिसाची दोन पुस्तकं निघाली. मी वर्गात पहिली आले होते, माझा धाकटा भाऊ धावण्यात उत्तेजनार्थ. तरी मला मिळालं गुणी मुलींच्या गोष्टींचं पातळसं पुस्तक आणि त्याला आफ्रिकेतल्या साहसाचं जाडजूड, रंगीत. त्यानं मला त्या पुस्तकाला कधी हात लावू दिला नाही. स्वतःही वाचलं नाही, तो भाग वेगळा.

तिथंच सतरंजीवर बसून दोन्ही वाचली. माझ्या पुस्तकातली मुलगी अंगात ताप असताना भावासाठी भाकऱ्या थापते आणि वर गोड हसते. लेखकमहाशयांनी एकदा तरी तापात चुलीपुढं बसून बघायचं होतं. शेवटी तिला मिळतं काय, तर शाबासकी!

भावाच्या पुस्तकातला नायक मिसरूड फुटायच्या आत आफ्रिकेत पट्टेरी वाघ मारतो. आफ्रिकेत! तिथली माणसं त्याचं सामान वाहायला आणि हात जोडायलाच जन्माला आलेली. हा लेखक लासूर स्टेशनच्या पुढं गेला नसावा. असल्या भिकार पुस्तकासाठी मी इतकी वर्षं भावावर जळत होते, याची लाज वाटली.

"दोन्ही रद्दीत घाला," मी म्हणाले.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते शिकारीचं तुझंच व्हतं की."

आमच्याकडं बक्षीस आलं की न उघडता देवापुढं ठेवायचं, सकाळी पूजा झाल्यावर उघडायचं. खाकी कागदावर नावाची चिठ्ठी असायची. गुरुजींनी मुलगा-मुलगी न बघता पहिल्या नंबराला जाड आणि उत्तेजनार्थला पातळ, असा हिशेब लावलेला. आईनं फुलं वाहता वाहता कागदाच्या फटीतून आत बघून चिठ्ठ्या बदलल्या होत्या.

"पोरीच्या जातीला जंगल काय करायचंय? आन् ह्यो लई रडला असता."

"आणि मी?"

"तू शहाणी व्हतीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते जाड पुस्तक मी रद्दीतून उचललं आणि पर्समध्ये कोंबलं.

भाऊ हसला. "ताई, आत्ता तर भिकार म्हणत होतीस."

"भिकारच आहे. पण माझं आहे." गुणी मुलींच्या गोष्टी मी त्याच्या हातात ठेवल्या. "हे तुझं बक्षीस. बस आता, वाच."