तात्यांच्या उसाचा कोपरा

आमच्या घरी शेत नव्हतं. आप्पा दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायचे, आई खुरपायला जायची. कोऱ्हाळ्याच्या पुढं आमची वस्ती. शाळा सातवीपर्यंत वस्तीवर, आठवीला मात्र गावात जावं लागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस, त्यातून पोरीला एकटी कोण धाडणार? माझी थोरली बहीण हुशार होती, पण सातवीनंतर तिच्या हातात खुरपं आलं. मी सातवी पास झाले तेव्हा माझंही खुरपं ठरल्यासारखंच होतं.

मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो हे बाईंनी शाळेत सांगितलं होतं. पण पास घेऊन करायचं काय? एसटी वस्तीवर येतच नव्हती. मग आईनं बायका गोळा केल्या, ग्रामपंचायतीतून अर्ज गेला, आणि डेपोचे एक साहेब रस्ता बघायला आले.

"गाडी देतो," ते म्हणाले, "पण वळणार कुठं?"

वस्तीच्या टोकाला रस्ता संपायचा आणि तिथून तात्यांचा ऊस सुरू व्हायचा, अगदी डांबराला चिकटून. आई त्यांच्याच शेतात कामाला. तरी गेली.

"तात्या, कोपरा मोकळा करून द्या."

"अगं, ऊस हाय त्यो, मेथीची जुडी न्हाय! तोड दिवाळीला यायची."

"तवर शाळा थांबंल व्हय?"

आतून तात्यांच्या घरच्या काकी म्हणाल्या, "आपली नात बी आठवीलाच हाय. तिला काय खांद्यावर बसवून नेताय?"

"दोघींनी आधीच ठरवलेलं दिसतंय," असं पुटपुटत तात्या तयार झाले. किती ऊस काढायचा हे ठरवायला त्यांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि मोकळ्या रानात वळवून बघितली. झकास वळली. तेवढ्या जागेपुरताच ऊस कापला, गाईंना घातला.

शाळा सुरू झाली त्या सकाळी एसटी आली. आम्ही पोरी वेण्या घालून, पास गळ्यात अडकवून उभ्या. ड्रायव्हरनं वळण घेतलं आणि गाडीचं तोंड उसात घुसलं. मागची चाकं पाण्याच्या चारीच्या काठावर. ट्रॉली जोडावर वाकते, एसटी वाकत नाही, हे एवढ्या जाणत्या माणसांत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं!

"आता हिला मधून मोडून वळवू का?" ड्रायव्हर ओरडला. "उद्यापासून मी यायचा न्हाय. फाट्यापर्यंत चालत या!"

फाट्यापर्यंत चालत जायचं असतं तर बहिणीची शाळा कशाला सुटली असती! आईनं माझा हात गच्च धरला. आप्पा मान खाली घालून उभे.

तात्यांनी एकदा नातीकडं बघितलं, धोतर खोचलं आणि कोयता मागवला.

"किती पायजे, बोल," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"अजून दोन सऱ्या, तात्या."

"चार घे. उद्या परत रडायला नगं!"

ते कापत सुटले. आप्पाही कोयता घेऊन घुसले. आम्ही नव्या कोऱ्या गणवेशात मोळ्या ओढायला लागलो. कंडक्टर उतरला, एक कांडं सोलून खात खात "अजून जरा डावीकडं" सांगू लागला.

"फुकट खातोयस तर मोळी तरी उचल," काकी त्याला म्हणाल्या. त्यानं खरंच उचलली.

गाडी वळली. शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती आणि आमच्या अंगाला पाचटाची बारीक काटेरी कूस चावत होती. वर्गाच्या बाई रागावल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली आणि पुढंही येत राहिली. कोपऱ्यात तात्यांनी परत ऊस लावला नाही.

बारावीपर्यंत मी त्याच पासावर शिकले. पुढं बारामतीला कॉलेजात मुलींना शिक्षण शुल्क माफ होतं आणि मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली. मी बी.कॉम. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.