सड्याच्या पाण्याचा बर्फ

जपानातल्या पहिल्या हिवाळ्यात माझी रोजची प्रार्थना एकच होती. प्रभू, आम्हांला कोल्हापूरला परत ने. मास्तरांच्या शेजारी गुडघे टेकून मी ती मनातल्या मनात करायची. ते मोठ्याने म्हणत, "या गावासाठी आमचा उपयोग करून घे," आणि मी त्यालाही आमेन म्हणायची. एकाच घरातून देवाकडे दोन उलट मागण्या जात होत्या.

मास्तर म्हणजे माझे यजमान. मिशनच्या शाळेतून ते निवृत्त झाले, लेकींची लग्नं झाली. आता राजारामपुरीत धाकटीच्या जवळ राहायचं, असं मी ठरवून बसले होते. तेवढ्यात सिस्टरचं बोलावणं आलं. सिस्टर जपानी, पण कोल्हापुरात कुष्ठरोग्यांची सेवा करत बरीच वर्षं राहिलेली, त्यामुळे आमच्यासारखंच मराठी बोलायची. तिच्या मुलखातल्या एका लहान गावात ख्रिस्ती माणसं मूठभर, उपासना चालवायला पाळक नाही, म्हातारे आजारी मात्र पुष्कळ. तिथे एखाद्या वयस्क जोडप्याने येऊन राहावं, घरोघर जाऊन प्रार्थना करावी, अशी तिथल्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, इच्छा होती. मिशनरी म्हणजे गोरे साहेब आणि मडम, हेच मी लहानपणापासून पाहिलेलं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलताना पदर तोंडाशी नेणारी. "मी कसली मिशनरी?" असं म्हटलं, तर मास्तर म्हणाले, "तू नुसती संगं चल. बोलायचं मी बघतो."

तसंच झालं. ते थोडं इंग्रजी, थोडं शिकलेलं जपानी असं जमवून घरोघर जायचे आणि मी घरात भात शिजवत बसायची. बाहेर कुणी भेटलं की वाकून नमस्कार करायचा, एवढंच मला जमत होतं. लोक चांगले होते. पण दिवसभरात एक शब्द आपला कानावर पडत नाही, हे काय असतं ते तिथे गेल्यावर कळलं.

एकच गोष्ट ओळखीची होती. आम्ही ख्रिस्ती, दारात रांगोळी काढत नसू. पण उठल्यावर दार झाडून पाणी मारल्याशिवाय चहाचं आधण ठेवायचं नाही, ही सासूबाईंनी लावलेली सवय. आम्ही तिथे पोचलो तेव्हा उन्हाळा होता, आणि समोरच्या ओकादाबाई लाकडी पळीने आपल्या दारात पाणी शिंपडताना दिसल्या. मला इतका आनंद झाला! दुसऱ्या दिवसापासून मीही बादली घेऊन बाहेर. त्या विधवा, माझ्याच वयाच्या, चेहऱ्याने जरा कडक. आम्ही वाकायचो, पाणी मारायचो, परत वाकायचो. तेवढीच माझी मैत्रीण.

थंडी सुरू झाली तशी ओकादाबाईंनी पाणी मारणं सोडलं. मला वाटलं, बाईला गारठा सोसत नसेल. म्हणून मी माझं दार झाल्यावर त्यांच्याही दारात पाणी मारू लागले. आपल्याला बोलता येत नाही, तर एवढं तरी करावं.

एका सकाळी पाणी मारून आत आले. मास्तर एका आजारी म्हाताऱ्याला भेटायला म्हणून बाहेर पडले, आणि काही वेळाने धप्प आवाज आला. धावत गेले तर दारात सगळीकडे काच पसरल्यासारखी दिसत होती. माझ्याच पाण्याचा बर्फ झाला होता. मास्तर आडवे पडलेले, तोंड पांढरंफटक, तरी म्हणतात, "अगं, जपाननं कोल्हापूरला आस्मान दाखवलं की!" हसायला गेले आणि कळवळले.

समोरून ओकादाबाई भिंतीला धरत ओरडतच आल्या. माझ्या बादलीकडे बोट, आभाळाकडे बोट, मग माझ्या डोक्याकडे बोट. शब्द एक कळला नाही, पण नळावर नंबरासाठी भांडणाऱ्या बाईचा सूर होता तो, त्यामुळे सगळं कळलं. ओरडता ओरडताच त्यांनी चुलीतली राख आणून पसरली, आळीतल्या माणसांना हाका मारल्या, स्वतःच्या खिडकीची लाकडी झडप काढून दिली. त्या झडपेवर घालून मास्तरांना इस्पितळात नेलं.

मांडीचं हाड वरच्या बाजूला मोडलं होतं. ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरांचं बोलणं सिस्टरने मला सांगितलं, "बाई, परत चालतील का ते आत्ता सांगता येत न्हाय. न्हाय चालता आलं, तर मंडळी तुम्हाला कोल्हापूरला पाठवून देईल."

मी गारच पडले. हेच तर मी रोज मागत होते. प्रभूने ऐकलं ते असं ऐकलं का? मास्तरांच्या पायाच्या बदल्यात मला माझं घर नको होतं. त्या दिवसापासून प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द फुटेना. काय मागायचं याचीच भीती वाटू लागली.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर येणार होती. ती दुसऱ्या गावी राहायची. रात्रीपासून बर्फ पडत होता आणि ती आलीच नाही. नर्सबाई येऊन काही सांगत, मी मान हलवी. मास्तरांना ढकलगाडीवरून नेलं. जाताना ते म्हणाले, "भिऊ नको. चहा पिऊन घे." दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर बसले. इतकी एकटी मी जन्मात कधी नव्हते. मी म्हटलं, प्रभू, परत ने म्हणत नाही, इथे ठेव म्हणत नाही. माझं मागणं संपलं. तुला योग्य दिसेल ते कर. फक्त या बाकावर मला एकटीला सोडू नकोस.

पुन्हा मान वर केली तेव्हा ओकादाबाई समोर उभ्या होत्या. खांद्यावर बर्फ, पायात रबरी बूट. ओरडल्या नाहीत. शेजारी बसल्या, माझे गारठलेले हात आपल्या जाड कोटाच्या बाहीत ओढून घेतले. दुसऱ्या हातात त्यांची माळ होती. त्यांच्या घरी बुद्धाचा देव्हारा होता. त्या आपलं पुटपुटत होत्या, मी माझं. कोण कुणाचं ऐकतंय, हा विचारही माझ्या मनात आला नाही. डॉक्टर बाहेर येऊन हसून बोलेपर्यंत त्यांनी माझे हात सोडले नाहीत.

सिस्टर दुसऱ्या दिवशी पोचली. "गाडीच बंद की, बाई! मी आपला स्टेशनातच अडकून पडलो." मी तिला म्हटलं, "ओकादाबाईंना विचार, ऑपरेशन कधी ते यांना कुणी सांगितलं?" दोघींचं बराच वेळ बोलणं झालं.

"कुणीच सांगितलं न्हाय म्हणती. तिचा नवरा आत होता तवा ती त्याच बाकावर एकटी बसली होती. तो परत आला न्हाय. काल दार उघडलं, बर्फ बघितला, तुमची आठवण झाली, म्हणून चालत निघाली." मग सिस्टर हसली. "आणि म्हणती, त्या बयेला सांग, परत थंडीत पाणी मारलंस तर बादली विहिरीत टाकीन."

कुणाला यात योगायोग दिसेल. मला वाद घालता येत नाही. मी मागितलं आणि कुणीतरी आलं, एवढंच मला माहीत आहे.

इस्पितळात मास्तरांजवळ राहताना मला कामं सापडत गेली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे तळवे खोबरेल तेलाने चोळून दे, कुणाचं पांघरूण सारखं कर. बोलावं लागलं नाही.

बर्फ वितळला तेव्हा मास्तर काठी टेकत घरी आले. मंडळीने कळवलं होतं, की तुम्ही पुष्कळ सोसलंत, परत जायचं असेल तर आनंदाने जा. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "काय करूया? तू म्हणशील तसं."

मी भाजी चिरत होते. म्हटलं, "पुढच्या महिन्यात ओकादाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. लेक लांब असतोय त्यांचा. आपण गेलो तर बाहेर कोण बसणार?"

मास्तरांनी काठी कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाले, "व्हय. ते बी खरंच."

त्यानंतर आम्ही तिथे पुष्कळ वर्षं राहिलो. ती भाषा मला शेवटपर्यंत नीट आली नाही. देवाचं काम म्हणजे बोलणं, आणि ते मला जमणार नाही, म्हणून मी इतकी घाबरत होते. मला त्याने नुसतं शेजारी बसायचं काम दिलं, तेही आधी माझ्या शेजारी कुणाला तरी बसवून. प्रभू, परत ने म्हणाले ते तू माझं ऐकलं नाहीस, त्याबद्दल मी तुझे उपकार मानते.