विनयच्या रायफलीचा पट्टा

विनय देवस्थळीच्या खांद्यावरून रायफलीचा पट्टा घसरायला लागला, तेव्हा सगळ्यांनी दोष पट्ट्यालाच दिला. अरुंद चामड्याचा पट्टा, वर्षानुवर्षं पावसात भिजून गुळगुळीत झालेला. डोंगर चढताना तो सारखा कोपरापर्यंत खाली यायचा आणि विनय वैतागून पुन्हा वर ओढायचा.

"नवीन घे ना एक," त्याची बायको शोभना म्हणाली. तेव्हा ती फ्रिज पुसत होती. तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. पट्ट्यात काही बिघाड नव्हता, खांद्याचं मांसच झडत चाललं होतं, हे कळायला आणखी चार महिने जायचे होते.

विनय आयर्लंडमधल्या शॅननला आला तो विमानतळाशेजारच्या औद्योगिक वसाहतीत, विमानाचे सुटे भाग तपासण्याच्या नोकरीवर. पुण्यात कॉलेजात असताना एन.सी.सी.त त्याचा नेम चांगला होता. इथं कारखान्यातल्या एकानं त्याला रायफल क्लबात नेलं, आणि त्या क्लबात त्याला पॅकी भेटला. पॅकी डोंगराकडचा म्हातारा शेतकरी. त्यानं लावलेली कोवळी झाडं हरणं सालीसकट खाऊन टाकत होती. "तुला खरंच नेम धरता येतो, की नुसतं कागदाला भोकं पाडतोस?" त्यानं विचारलं. पुढच्या हिवाळ्यापासून विनय परवाना काढून पॅकीच्या डोंगरावर जायला लागला.

पहिलं हरीण घरी आलं तेव्हा शोभनानं दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच काळा मसाला घालून कुकर लावला. मराठी मंडळाच्या दिवाळीला ते मटण नेलं, तर काहींनी दोनदा मागून खाल्लं आणि काही जण पुलाव घेऊन लांबच्या टेबलावर जाऊन बसले. विनयला दोन्हीचं हसू यायचं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. डोंगरावरून परतला की मात्र धुकं कुठून आलं, मादी कशी थबकली, हे जेवताना रंगवून सांगायचा. श्रावणी, त्यांची मुलगी, कानात हेडफोन घालून बसलेली असायची, पण हेडफोनचा आवाज बंद असतो हे शोभनाला माहीत होतं.

लिमरिकच्या डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं ते हळू आवाजात. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी खांदे आणि दंड, मग मान, मग गिळणं, मग श्वास. दोन वर्षं, कदाचित तीन. इलाज नाही.

परतताना गाडी शोभना चालवत होती. शॅननचा फाटा आला तेव्हा विनय पहिल्यांदा बोलला. "या मोसमात पॅकीकडे जायचंय मला."

शोभनाला इतका राग आला की तिनं फाटा चुकवला. माणूस मरायला टेकलाय आणि याला हरणं सुचतायत! पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन ती स्टीअरिंगवर डोकं टेकून रडली. विनयनं तिच्या पाठीवर हात ठेवायचा प्रयत्न केला. हात निम्म्यावर येऊन पडला.

तो स्वतः होऊन परवाना देणाऱ्या पोलीस स्टेशनात गेला आणि आजार सांगून आला. डॉक्टरांनी तपासलं. बोटं, नजर आणि पाय अजून शाबूत होते. हा मोसम चालेल, पुढचा नाही, असं ठरलं. अडचण एकच होती. रायफल त्याच्या एकट्याच्या नावावर. दुर्बीण आणि आवाज दाबणारी नळी धरून पाच किलो वजन, आणि परवाना नसलेल्या माणसानं ती उचलणं म्हणजे गुन्हा. शोभनाला चहाचा थर्मास, दोरखंड, सगळं उचलता आलं असतं. तेवढी रायफल नाही.

"म्हणजे तुलाच न्यायची आहे," ती म्हणाली. "मग नीट पट्टा तरी बघू."

राग गिळायला तिला काहीतरी काम हवंच होतं. एनिसजवळ नोएलचं बंदुकांचं दुकान होतं. तिथून ती परत करायच्या बोलीवर तीन पट्टे घेऊन आली. रायफल हातात घेता येत नव्हती, म्हणून विनयनं गॅरेजमधला लोखंडी पाइप शोधला, त्यात वाळू भरली आणि वजनकाट्यावर पाच किलो करून दिला. तो पाइप पट्ट्याला अडकवून शोभना घरामागच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालू लागली.

"मॉम, यू लुक लाइक यू आर रॉबिंग द क्रेडिट युनियन," श्रावणी दारातून म्हणाली.

"मग तू पतपेढीबाहेर गाडी चालू ठेव," शोभना म्हणाली. त्या आठवड्यात त्या दोघी हसल्या त्या तेवढ्याच.

पहिला पट्टा रुंद आणि स्पंजासारखा मऊ. दुकानात तो अगदी हलका वाटला होता. चालायला लागल्यावर कळलं की तो ताणतो. प्रत्येक पावलाला पाइप खालीवर हिंदकळायचा आणि कमरेवर आपटायचा. सतत हातानं धरून ठेवावा लागे, आणि विनयच्या हातात ते बळ नव्हतं. दुसरा चामड्याचा, आतून खरखरीत. तो घसरत नव्हता, पण सगळा भार एकाच खांद्यावर. अर्ध्या तासात तिची मान आखडली. विनयची मान एव्हाना संध्याकाळी पुढे झुकायला लागली होती. तिसरा दप्तरासारखा दोन्ही खांद्यांवर घ्यायचा. बंदूक पाठीवर सरळ उभी राहायची आणि भार वाटला जायचा. शोभना खुशीत घरात आली. "हाच! मला तर वजन कळलंच नाही."

विनयनं उजवा हात घातला. डावा मागे जाईना. दिवाणखान्याच्या मधोमध तो एका खांद्यावर पट्टा घेऊन उभा राहिला, दुसरा पट्टा पाठीमागे लोंबकळत होता. "राहू दे," तो म्हणाला.

ती तो पट्टा घेऊन पुन्हा नोएलकडे गेली. नोएलनं तो टेबलावर पसरला. मग डावा पट्टा मधोमध कापून छातीवर येईल असं बक्कल शिवलं. हात मागे न नेता पट्टा बगलेखालून पुढे ओढायचा आणि खटकन लावायचा. शिवाय कमरेला रुंद बंद, म्हणजे निम्मं ओझं कंबर घेईल. "एका बोटानं सुटेल," तो म्हणाला. "करून बघ. ग्रँड आहे ना?"

हे सगळं चाललं असताना एक गोष्ट शोभना कुणाशीच बोलली नव्हती. जिन्याखाली बंदुकीचं पोलादी कपाट होतं. नोकरी सुटल्यापासून दुपारी विनय घरी एकटा असायचा. आपल्या नोकरीवरून परतताना, दार उघडण्याआधी, ती काही क्षण बाहेरच्या पायरीवर नुसती उभी राहायची.

एका रविवारी भाजी निवडताना तिनं बोलूनच टाकलं. "विनय, ती बंदूक घरात आहे. मला भीती वाटते."

"कशाची?"

"तुला माहितीये कशाची."

त्यानं समोरची मेथी बाजूला सारली. "मलाही वाटते," तो म्हणाला. "फोन लाव. नोएलला."

त्याच संध्याकाळी नोएल येऊन रायफल घेऊन गेला. शिकारीच्या दिवशी सकाळी न्यायची आणि अंधार पडायच्या आत परत द्यायची, असं ठरलं. त्या रात्री विनय पुष्कळ बोलला. काय काय मनात येतं ते, डोळे मिटून. शोभना ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी या आजाराच्या रुग्णांसाठी नेमलेल्या नर्सबाईंना त्यानं स्वतः फोन केला आणि त्यांच्याशीही बोलला.

फेब्रुवारीच्या शेवटाला, माद्यांच्या शिकारीचा मोसम संपता संपता, ते पॅकीच्या डोंगरावर गेले. पॅकी फाटकाशी थांबला. विनय आपल्या पायांनी चढला, काठी टेकत, रायफल पाठीवर घट्ट. दुपार कलल्यावर झाडांच्या कडेला तीन माद्या बाहेर आल्या. विनय जमिनीवर बसला, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवली. शोभनानं कान झाकले.

गोळी लागल्याचा आवाज तिलाही कळला. पण मादी कोसळली नाही. तिचं मागचं अंग खचलं आणि तशीच फरफटत ती चढावर पळाली.

"गोळी मागच्या अंगात लागली," विनय म्हणाला. "दंड थरथरला माझा."

"पॅकीला बोलवू?"

"तो येईपर्यंत ती तिथे तडफडत राहील." त्यानं पट्टा ओढला, बक्कल लावलं आणि चढायला लागला.

वर दलदल होती आणि काटेरी झुडपं. विनय पडला. उठला, पुन्हा पडला. मग त्यानं उठायचा नाद सोडला आणि तो गुडघ्यांवर आणि कोपरांवर रांगत निघाला. पाठीवरची रायफल जराही सरकली नाही. गवतावर रक्ताचे थेंब दिसत होते, ते संपले की तो थांबून पुन्हा शोधायचा. शोभना मागून त्याला ढकलत होती.

"दे ती माझ्याकडे! कोण बघतंय इथे?"

"नाही," तो धापा टाकत म्हणाला. "माझं काम आहे."

दगडी बांधाच्या आडोशाला मादी बसली होती. मान ताठ, डोळे त्यांच्यावर. पळायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. विनयनं बक्कल सोडलं. रायफल खांद्याला लावण्याइतके हात वर जाईनात, म्हणून त्यानं ती बांधावर टेकवली आणि गाल खाली नेऊन टेकला. शोभनानं या वेळी कान झाकले नाहीत. डोळेही मिटले नाहीत.

नंतर तो मादीशेजारी चिखलात बसून राहिला. "किती वेळ थांबायला लावलं मी हिला," तो म्हणाला.

पॅकी चारचाकी मोटारसायकल घेऊन वर आला. रक्ताची वाट बघून तो सगळं समजला. "आमच्या प्रत्येकाकडून झालंय हे, विनय," तो म्हणाला.

"माझ्याकडून पुन्हा होणार नाही."

रायफल त्यांनी नोएलकडे परत दिली आणि ती आणायला पुन्हा कधी गेले नाहीत. मार्चमध्ये विनयनं परवानाही देऊन टाकला. त्या मादीचं मांस वाया घालवायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं. शोभनानं त्याचा बारीक खिमा केला. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो खुर्चीत बसला आणि तिनं भरवलेले घास सावकाश चावत राहिला. चार घास झाल्यावर ठसका लागला. श्रावणीनं पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला.

उन्हाळ्यात त्याचं बोलणं गेलं. पुढच्या वसंतात, एका पावसाळी सकाळी, तो घरीच वारला.

गल्लीतली माणसं सँडविचची ताटं घेऊन आली. एकेक जण पुढे येऊन शोभनाचा हात हातात घ्यायचा आणि सांत्वनाचं इथलं ठरलेलं वाक्य म्हणायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल." त्यावर काय म्हणायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पॅकी सगळ्यांच्या शेवटी आला, धुतलेल्या शर्टात, केस ओले करून चापून बसवलेले. त्यानं तिचा हात धरला, ओठ हलवले, पण ते वाक्य त्याला म्हणताच आलं नाही. शेवटी शोभनानंच त्याला खुर्ची ओढून दिली आणि चहा ठेवायला आत गेली.